मामांचा पायोनिअर : दुरुस्तीच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

सहकारनगरहून सेट कोथरूडला आणला. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो होतो, उतरेपर्यंत पाय बधिर झाले. पायोनिअर एसएक्स-७५०, म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेला स्टीरिओ. हे मॉडेल १९७६ चं, ८ ओहमवर प्रत्येक चॅनलला ५० वॅट. मामा मस्कतला नोकरीला होते, तिथून १९७९ साली त्यांनी हा आणला. गेली बारा वर्षं तो मामीच्या दिवाणाखाली चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. निघताना मामी म्हणाली, "त्याच्यावर सकाळच्या सातपाचच्या बातम्या लागल्या तर बघ. बाकी मला त्यातलं काही कळत नाही."

आज प्लग लावला नाही. जुना सेट हाती आला की पहिली चूक तीच होते: बघू तरी चालतो का, म्हणून थेट लाइटवर लावतात आणि जे शाबूत होतं तेही जातं. वरचं झाकण काढलं, मऊ ब्रशने धूळ झाडली आणि प्रत्येक वायरचा फोटो काढला. एकूण ६४ फोटो. पुढे यातले दहाच लागले, पण ते दहा नसते तर मी अडकलोच असतो.

मागच्या व्होल्टेजच्या खटक्यावर ११०, १२०, २२० आणि २४० अशा खुणा आहेत. आखातातून आलेले सेट असे असतात, आपल्याकडे चालतात. कोणी थेट जपानमधला सेट घेत असेल तर जपून. तो १०० व्होल्टचा असतो आणि त्या काळच्या जपानी सेटचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. पुण्याची विविध भारती १०१ वर आहे, ती त्यावर लागणारच नाही.

मग आतला फ्यूज पाहिला. काच काळी पडलेली, आतली तार उडालेली. त्या उडालेल्या फ्यूजवरच कोणीतरी तांब्याच्या वायरीचे तीन-चार धागे गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ दिला होता. म्हणजे सेटला फ्यूज नव्हताच. किती वर्षं नव्हता, देव जाणे. तो तसाच एका डबीत ठेवला.

१५ जून, रविवार

सिरीज बोर्ड बनवला, म्हणजे लाइट आणि सेटच्या मध्ये बल्ब. आत शॉर्ट असला तरी करंट बल्बच अडवतो. एक होल्डर, एक सॉकेट, मध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. तो बल्ब मिळवण्यातच शनिवारची संध्याकाळ गेली, कारण सगळीकडे एलईडी. शेवटी रविवार पेठेतल्या एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात माळ्यावरून दोन काढून दिले. होल्डर धरून १६० रुपये.

सेट निरोगी असेल तर बल्ब क्षणभर भगभगतो आणि मंद होतो. आपला पूर्ण पेटला आणि पेटलेलाच राहिला. आत शॉर्ट.

बंद केलं. मोठे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची नाही, त्याने कपॅसिटरही दुखावतो आणि माणूसही. मग दोन्ही चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर सोडवून मल्टिमीटरवर घेतले. उजवीकडचे बरे. डावीकडचे दोन्ही कलेक्टर ते एमिटर आरपार वाजले, म्हणजे जळलेले. ते बाहेर ठेवून पुन्हा सिरीजवर लावलं, तर बल्ब मंद झाला आणि डायलवरचे दोन दिवे लागले. ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे. एवढं कळल्यावर मी तासभर कामच केलं नाही, नुसता बघत बसलो.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात आहेत, पेठांतले रस्ते बंद. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घ्यायला तपकीर गल्लीत जायचं रद्द. घरी बसून डिंक खरवडला.

हा डिंक कारखान्यातच मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून लावलेला असतो. तेव्हा तो पिवळट असतो, वर्षानुवर्षं तापून तपकिरी आणि कडक होतो आणि त्याखालचे तांब्या-लोखंडाचे पाय खाऊ लागतो. पॉवर सप्लायच्या बोर्डवर एका डायोडचा पाय इतका झिजला होता की चिमट्याने हलवताच तुटला. बाहेरून बोर्ड अगदी नवा दिसत होता. बांबूची काडी कोरून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चार तास खरवडत होतो. लोखंडी टोक वापरू नका, बोर्डवरचे ट्रॅक ओरबाडले जातात. अल्कोहोल आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मिळून ६५० रुपये.

२८ जून, शनिवार

दोन आठवडे वाया घालवणारी चूक आज झाली.

आउटपुट ट्रान्झिस्टर घ्यायला गेलो. एका दुकानात ९० रुपयांना एक असे चार मिळाले, ३६० रुपये. छपाई सुबक होती, नंबर बरोबर होता. घरी आलो, अभ्रकाचे पातळ तुकडे आणि पांढरी पेस्ट लावून बसवले. सिरीजवर बल्ब मंद. मग बोर्ड काढून थेट लाइटवर, जुन्या टाकाऊ स्पीकरवर दहा मिनिटं गाणं वाजलं. आनंदाने आवाज थोडा वाढवला, तर टक् असा आवाज होऊन सगळं गप्प.

डावीकडचे दोन्ही गेले, जाताना एक एमिटर रेझिस्टरही घेऊन गेले. स्पीकर वाचला, कारण रिलेने, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या आपोआप खटक्याने, वेळेवर सोडलं. नंतर कापसाला थिनर लावून पुसलं तर वरची अक्षरं कापसावर आली. एक फोडून पाहिला. आतली सिलिकॉनची चकती मूळच्या जळक्या ट्रान्झिस्टरमधल्या चकतीच्या निम्मीसुद्धा नव्हती.

माल बनावट होता हे खरं, पण दोष सगळा त्याचाच म्हणता येणार नाही. आउटपुट उडतात तेव्हा मागचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही तपासायचे असतात. ते मी तपासले नव्हते. आज तपासले, तर एक गळका निघाला. आउटपुट अधिकृत वितरकाकडून मागवले, चार नग आणि कुरिअर मिळून १,०८० रुपये.

२९ जून, रविवार

मामीचा फोन. सेट बंद कधी पडला ते विचारलं. मला वाटलं होतं, आठवणार नाही. तिला नीट आठवत होतं. सोसायटीच्या गणपतीत आरतीसाठी खाली नेला होता. घरचे दोन स्पीकर आणि वर मंडळाच्या कोणीतरी आणलेले आणखी दोन, असे चार लावले. "पहिल्या दिवशी छान वाजला, दुसऱ्या दिवशी वास यायला लागला. मग मेकॅनिक आला, त्याने काहीतरी केलं, तासभर चालला आणि कायमचा बंद. ह्यांनी पुन्हा हात लावला नाही."

सगळा उलगडा झाला. पुढची ए आणि बी ही स्पीकरची दोन्ही बटणं दाबली की दोन जोड्या समांतर लागतात. घरचा ८ ओहमचा आणि मंडळाचा समजा ४ ओहमचा, समांतर म्हणजे जेमतेम २.७ ओहम. आउटपुटवरचा करंट झेपेना, फ्यूज उडाला. फ्यूजने त्याचं काम केलं होतं. त्यावर तांब्याची तार गुंडाळली गेली आणि मग ट्रान्झिस्टर जळले. म्हणजे या सेटचा आजार स्पीकरपासून सुरू झाला. दुरुस्ती करून पुन्हा चुकीचे स्पीकर लावले तर हेच होणार. तेव्हा स्पीकर हा दुरुस्तीचाच भाग धरून चालतोय.

१३ जुलै, रविवार

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. दोन रविवार आणि तीन रात्री. एका वेळी एकच काढायचा, एकच लावायचा. बोर्ड मोकळा करून मग भरायला घेतलं तर उलटसुलट हमखास होतं. व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा एक पायरी वर, मूल्य तेच. २,१४० रुपये. मोठे फिल्टर कपॅसिटर मीटरवर चांगले निघाले, ते ठेवले. सरसकट सगळं बदला असं सांगणारे खूप आहेत, मला पटत नाही. जे मोजता येतं ते मोजावं.

दुसरी चूक. पायोनिअरच्या त्या काळातल्या बऱ्याच सेटमध्ये २एसए७२६ हा छोटा ट्रान्झिस्टर इनपुटला असतो. तो म्हातारा झाला की स्पीकरमधून तेल तडतडल्यासारखा आवाज येतो. घरात बीसी५५६ होते, तेच लावले. चालू केलं तर रिले वाजेना. एरवी पाच-सात सेकंदांत टक् होतं. आउटपुटवर डीसी मोजला (एकाच दिशेचा व्होल्टेज, स्पीकरला तो जवळपास शून्य हवा), ३ व्होल्टच्या वर. म्हणूनच रिले स्पीकर जोडत नव्हता.

कारण साधं. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर जपानी ट्रान्झिस्टरचे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. बीसी मालिकेचे कलेक्टर, बेस, एमिटर. नुसता फिरवून बसवूनही जुळत नाही, पाय पिळावे लागतात. चार ट्रान्झिस्टर काढताना एका जागचा ट्रॅक उचकटला, तो बारीक वायरने जोडला. केएसए९९२ मागवले, त्यांचे पाय जुन्यासारखेच आहेत. कुरिअरसकट ३८०.

२० जुलै, रविवार

टक्.

डीसी डावीकडे १४ मिलिव्होल्ट, उजवीकडे ९. साधारण ५० च्या आत असला की चालतं.

बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट, लावताना घाई करू नये. झाकण बंद ठेवून वीस मिनिटं तापू द्यायचं, मग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा पाहायचं. मी पंखा चालू ठेवून लावला होता. पंखा बंद करताच आकडा वर चढला, सगळं परत करावं लागलं. घरातला लाइट २४३ व्होल्ट दाखवतोय, म्हणून मागचा खटका २२० वरून २४० वर घेतला. तेवढ्यानेच ट्रान्सफॉर्मर आता हाताला कोमट लागतो, आधी चटका बसायचा.

रिलेचे कॉन्टॅक्ट काळे होते. कोऱ्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून मध्ये धरली आणि ओढली, चार-पाच वेळा. पॉलिशपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो.

२६ जुलै, शनिवार

उजवा चॅनल गायब. संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा, आख्खा प्रीअॅम्प तपासला. टेप मॉनिटरचं बटण अर्धवट दाबलेलं होतं. सेट गप्प असेल तर कुठलंही झाकण काढायच्या आधी पुढची सगळी बटणं वीस-वीस वेळा आतबाहेर करा.

व्हॉल्यूमची खरखर क्लीनरने गेली. डायलचे उडालेले दिवे बदलले. फ्यूजसारखे दिसतात, तसेच खाचेत बसतात. आधी पांढरे एलईडी आणले, डायल दवाखान्यासारखा दिसायला लागला. परत करून पिवळसर घेतले, ४२० रुपये. रात्री खोली अंधारी करून पाहिलं. तो मधासारखा उजेड आणि त्यावरून सरकणारी सुई. लहानपणी मामांच्या घरी झोपायला गेलो की झोप लागेपर्यंत मला तेवढंच दिसायचं.

३ ऑगस्ट, रविवार

स्पीकर. माझ्याकडे छोटे नवे बुकशेल्फ आहेत, ४ ओहम, संवेदनशीलता ८४ डेसिबल. एका वॅटला, एका मीटरवर किती मोठा आवाज, तो हा आकडा. लावून पाहिले. आवाज स्वच्छ, पण अंगात काही नाही. व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढे न्यावा लागतो आणि अर्ध्या तासात वरची जाळी चांगलीच तापते.

हिशेब असा. दर ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात. ८४ च्या स्पीकरला ५० वॅट देऊन जेवढा आवाज येतो, तेवढा ९० च्या स्पीकरला साडेबारा वॅटमध्ये येतो. जुन्या सेटला संवेदनशील, ८ ओहमचे स्पीकर द्यावेत ते यासाठीच. त्यात सेट निवांत चालतो. किती वॅटचा स्पीकर, एवढंच विचारून लोक दुकानातून बाहेर पडतात, ते थांबायला हवं.

मामांचे मूळ स्पीकर मामीच्या गॅलरीत आहेत. १० इंची वूफर, ८ ओहम, लाकडी पेट्या. आज जाऊन पाहिले. पेट्या ठणठणीत. वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच शेवेसारखा गळून पडला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

रिकोन करणाऱ्याकडे, म्हणजे स्पीकरचा कोन बदलून देणाऱ्याकडे गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे डॉल्बीवाले. १८-१८ इंची स्पीकर दारापर्यंत रचलेले. ते म्हणाले, "दादा, अनंत चतुर्दशी होऊ द्या. त्याच्या आधी तुमच्या या छोट्याला हात लावला तर हे लोक मला सोडायचे नाहीत." बरोबर आहे त्यांचं. मीच करायचं ठरवलं. फोमच्या दोन कडा १,१०० रुपये.

२४ ऑगस्ट, रविवार

एक जमला, एक बिघडला.

पहिल्या वूफरला पटकन सुकणारा गोंद लावला. कोन मध्यभागी आणायच्या आत तो धरला. आता कोन दाबला की कॉइल एका बाजूला घासते, खर्र् असा बारीक आवाज येतो. सोडवायला गेलो तर कागद फाटला.

दुसऱ्याला धीराने घेतलं. मधली टोपी ब्लेडने अलगद काढली. कॉइल आणि मधल्या लोखंडी खांबाच्या फटीत एक्स-रेच्या फिल्मच्या चार पट्ट्या उभ्या खोचल्या, म्हणजे कॉइल हलू शकत नाही. फिल्म मामीने दिली, मामांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे. कापायला कात्री लावली आणि थांबलो, तिच्याकडे पाहिलं. "काप रे, कामाला येतोय ना?" म्हणाली. सावकाश सुकणारा पांढरा गोंद, आधी कोनाला, मग एक रात्र थांबून चौकटीला. पट्ट्या काढल्यावर चार बोटांनी दाबलं तर कोन लोण्यासारखा खालीवर होतो. आवाज नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

क्रॉसओव्हरचे (आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटचे) वाळलेले कपॅसिटर काढून फिल्मचे घातले, ५६०. ट्वीटर पडद्याआडून बोलल्यासारखा वाटायचा, तो पडदा गेला.

९ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन झालं, रिकोनवाल्यांनी दोन दिवसांत फाटलेला वूफर करून दिला. नवा कोन, मूळ कॉइल, ९०० रुपये. जाताना दीड व्होल्टचा सेल मागितला. सेलचा प्लस स्पीकरच्या लाल टोकाला क्षणभर टेकवायचा, कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. माझा, घरी केलेला, उलट निघाला. वायरी मीच उलट्या लावल्या होत्या. तसाच जोडला असता तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खाऊन टाकत राहिले असते आणि मी दोष सेटमध्ये शोधत बसलो असतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळं सहकारनगरला नेलं. मामीला स्पीकर कोपऱ्यात हवे होते, फरशी पुसायला सोपं जातं म्हणून. कोपऱ्यात खर्ज घुमतो, तबल्याचा डग्गा पिंपासारखा वाजत होता. भिंतीपासून फूटभर पुढे ओढले आणि खाली सिपोरेक्सच्या विटा कापडात गुंडाळून ठेवल्या. विटा २४०, दीड चौरस मिलिमीटरची वायर १० मीटर ४५० रुपये. भीमसेनजींची एक जुनी एलपी लावली. आधी घरघर आली. टर्नटेबलची अर्थची बारीक वायर मागच्या स्क्रूला लावायची राहिली होती, ती लावताच शांतता. मग तानपुरा सुरू झाला आणि मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली. पूर्ण बाजू संपेपर्यंत कोणी बोललं नाही. व्हॉल्यूम नऊच्या काट्यावर होता, जाळी कोमट.

एफएमला चपट्या रिबन वायरचा टी आकाराचा अँटेना, आडवी दांडी साधारण दीड मीटर, ६० रुपये. भिंतीवर फिरवून पाहिला. एका दिशेला १०१ ची सुई टोकाला जाते, काटकोनात फिरवला की निम्म्यावर येते.

बी बटणाच्या मागचे टर्मिनल टेप लावून बंद केले. झाकणाच्या आतून कागद चिकटवला: फ्यूज किती अँपिअरचा, खटका २४० वर, फक्त एकच जोडी, ८ ओहम, काय काय बदललं आणि तारीख. तांब्याची तार गुंडाळलेला फ्यूज त्याच कागदाखाली छोट्या पिशवीत ठेवलाय. पुढे जो कोणी झाकण उघडेल त्याला दिसावा.

एकूण खर्च साडेआठ हजार. त्यातले बनावट ट्रान्झिस्टरचे ३६० आणि रिकोनचे ९०० माझ्या घाईचे. सुट्ट्या सगळ्या गेल्या.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मामीचा फोन. ७९२ किलोहर्ट्झ, आकाशवाणी पुणे. "लागल्या रे बातम्या! पण मध्येमध्ये कोणी चिवडा हलवल्यासारखा आवाज येतो." स्वयंपाकघरातली एलईडी ट्यूब बंद कर म्हटलं. फोन तसाच ठेवून गेली, चपलांचा आवाज ऐकू आला, मग खटका, मग लांबून बातम्या, स्वच्छ.

"गेला," ती म्हणाली. "पण मग मी अंधारात चहा करू का?"

शनिवारी जाऊन ट्यूब बदलतो.